पाहुणे, अंगण आणि स्कूटरचा डाग

कपड्यावर डाग पडला तर टीव्हीवर अर्धा डझन पावडरी मदतीला हजर असतात. शर्टावरची कॉफी, कुर्त्यावरची हळद, जीन्सवरचं ग्रीस... प्रत्येकाचा इलाज तीस सेकंदांत! पण अंगणातल्या सिमेंटच्या कोब्यावर डाग पडला तर? तुम्ही म्हणाल, आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, अंगण कुठून आणू? मान्य. पण पार्किंगमध्ये तुमच्या बाइकखाली असलेला तो काळा गोल आठवा. टेरेसवरच्या टाकीखालचा हिरवा पट्टा आठवा. आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं एक घर 'गावाकडे' असेलच. दिवाळीला बॅग घेऊन जायचं आणि भाऊबीज आटोपली की परत पळायचं, ते घर.

माझं ते घर एरंडोलला. जळगावहून धुळ्याकडे निघालात की हायवेवर लागतं. अंजनी नदीचं गाव. गावात पांडववाडा आहे, आणि महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराला लोळवलं ते इथेच, अशी गावाची पक्की समजूत आहे. (पुण्यात कुणी 'एरंडोल? हे कुठे आलं?' असं विचारलं की मी सरळ बकासुर पुढे करते. काम होतं!)

तर गेल्या दिवाळीत अण्णांनी फराळाच्या ताटावर बॉम्ब टाकला.

"अंगणात टाइल्स टाकतोय. जानेवारीच्या आत."

जानेवारीत माझा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी पुण्याची, कोथरूडची. पहिल्यांदाच एरंडोलला येणार. अण्णा रिटायर्ड शिक्षक. मुलीने स्वतः ठरवलेलं लग्न त्यांनी चहा संपायच्या आत मान्य केलं होतं. पण अंगणातला काळा डाग काही त्यांना मान्य होईना. "ते लोक गाडीतून उतरतील तेव्हा पहिला पाय कुठे पडेल? त्या डागावर!" टाइल्सवाल्याचा अंदाज होता 45 हजारांचा. संगमरवरासारख्या पांढऱ्या, चकचकीत, तोंड बघून घ्यावं अशा.

तो डाग आमच्या जुन्या स्कूटरचा. अण्णा तिच्यावरून शेजारच्या खेड्यातल्या शाळेत जायचे. रात्री ती फाटकाच्या आत उभी राहायची आणि खाली थेंब थेंब ऑइल ठिबकायचं. आई कधी वर्तमानपत्र ठेवायची, कधी डब्याचं झाकण. स्कूटर विकून कितीतरी वर्षं झाली, डाग आहे तिथेच. परातीएवढा. आमच्या शेजारच्या आक्कांनी तर निकालच देऊन टाकला होता, "हाऊ डाग काय जावाव नही पोरी, वर रांगोई काढी टाक!"

खरं सांगायचं तर आमचं अंगण म्हणजे डागांचं कॅटलॉगच आहे. खान्देशातल्या कुठल्याही अंगणात बघा, वर्षभराचा हिशेब जमिनीवर लिहिलेला असतो. उन्हाळ्यात लोणच्याच्या फोडी कालवताना सांडलेलं तेल-हळद. पापड लाटणाऱ्या बायका बसतात तिथे तेलाच्या वाटीचे गोल. कूलरच्या लोखंडी स्टॅण्डचे चार तांबडे चौकोन, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा 45च्या आसपास घोटाळतो आणि कूलर बंद करायची कोणाची हिंमत नसते. त्याच कूलरच्या बोअरच्या पाण्याने उठलेली पांढरी नक्षी. तुळशीपुढे दिव्याच्या तेलाचा काळा ओघळ. केळीचा घड टेकवून ठेवला होता तिथे चिकाचे तपकिरी शिंतोडे. आणि हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचा मोठ्ठा काळा पट्टा. कपाशीच्या काड्या पेटवून त्यात वांगी भाजायची तर ती थेट कोब्यावर भाजू नयेत, हे आम्हाला कोब्यानेच शिकवलं. सिमेंटच्या पोटात पाणी असतं, त्याची वाफ झाली की वरची खपली टचकन् उडते. आता काकालोक खाली वाळूचा थर पसरतात. भरीत तेवढंच चविष्ट लागतं!

माझ्या आजीच्या काळात हा प्रॉब्लेमच नव्हता. मातीचं अंगण, सकाळी शेणाचा सडा, चार दिवसांनी सारवण. काय सांडलं ते पुढच्या सारवणाखाली गडप. मग घरोघर धाब्याच्या जागी स्लॅब आले आणि अंगणात कोबा आला. कोब्याचं सगळ्यांना कौतुक, कारण चिखल गेला. पण कोबा काही विसरत नाही.

का विसरत नाही? कारण आपण त्याला दगड समजतो आणि तो असतो स्पंज. हा सगळा फंडा एवढाच आहे. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवलं की सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. पण कालवायला सोपं जावं म्हणून मिस्त्री गरजेपेक्षा जास्त पाणी ओततात. ते जादा पाणी उडून जातं आणि मागे केसांहून बारीक नळ्यांचं जाळं सोडून जातं. तेल, चहा, चीक, सगळं त्यातून आत शिरतं. तुमच्या कोब्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. मोत्यासारखे वर बसून राहिले तर कोबा घट्ट आहे, बघता बघता जिरले तर जे काही सांडेल ते खोल जाणार. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये 1824 साली घेतलं गेलं, म्हणजे दोनशे वर्षं झाली, पण हा स्वभाव काही बदललेला नाही. चंदीगडची ल कॉर्बुझिएची काँक्रीटची कॅपिटॉल कॉम्प्लेक्स 2016मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तिच्याही भिंतींवर पावसाचे काळे ओघळ दिसतातच. आमच्या स्कूटरची काय कथा!

दुसरी गोष्ट म्हणजे सिमेंट अल्कलीधर्मी असतं, त्यात चुना असतो. त्यामुळे अ‍ॅसिड पडलं की फेस येतो. आणि फेस आला की आपल्याला वाटतं, वा, काय सॉल्लिड साफ होतंय! प्रत्यक्षात डाग साफ होत नसतो, जमीन साफ होत असते.

याचा पुरावा आमच्याच पायरीपाशी आहे. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याने तिथे संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं गेलं. डाग गेला, दोन दिवस सगळे खूश. पण त्याबरोबर घोटाई केलेला वरचा गुळगुळीत थरही गेला. आतली वाळू उघडी पडली. आता अख्ख्या अंगणात सगळ्यात आधी मळतो तो हाच तुकडा, कारण खरखरीत जागेत धूळ घट्ट बसते आणि आमच्या गावाला हायवेची धूळ काही कमी नाही. शिवाय एक पिवळट छटा उरली ती वेगळीच. सुप्रीम कोर्टाने 2013मध्ये अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले. ते अ‍ॅसिड हल्ल्यांच्या संदर्भात होते. विकणाऱ्याने नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं, 18 वर्षांखालच्यांना द्यायचं नाही. माझं म्हणणं, अंगणासाठीही असाच एक नियम हवा होता.

तर मी अण्णांना म्हटलं, "मला चार सकाळी द्या. नाही जमलं तर टाइल्स टाका." ऑफिसात आपण प्रत्येक प्रोजेक्टच्या आधी 'रिक्वायरमेंट' समजून घेतो ना, तसंच. आधी विचारायचं, डाग कशाचा आहे? मग हात लावायचा. आणि काम सकाळी, ऊन चढायच्या आत. तापलेल्या कोब्यावर कुठलंही द्रावण काम करायच्या आधीच वाळून जातं.

पहिली सकाळ स्कूटरच्या डागाची. ताजं ऑइल सांडलं असेल तर उत्तर सोपं आहे, पाणी अजिबात ओतायचं नाही. पाण्याने तेल पसरतं. लाकडाचा भुसा, कोरडी माती, राख, हाताशी असेल ते टाकायचं आणि तेल पिऊ द्यायचं. पण आमचा डाग मुरलेला. त्याला घासून उपयोग नाही, कारण ब्रश वर फिरतो आणि तेल आत बसलेलं असतं. त्याला वर ओढून काढावं लागतं. त्यासाठी लेप लावायचा. धुण्याचा सोडा, थोडी कपड्यांची पावडर आणि तेल शोषून घेईल अशी एखादी बारीक भुकटी, हे पाण्यात कालवून घट्ट लेप करायचा. भुकटीसाठी मुलतानी माती चालते. पण अण्णांच्या कपाटात खडूंचे दोन बॉक्स पडून होते, रिटायर झाल्यापासून न उघडलेले. "घे," ते म्हणाले, "नाहीतरी आता कोणाला शिकवायचंय?" खलबत्त्यात ते त्यांनी स्वतःच कुटले.

इडलीएवढा जाड थर, वर प्लॅस्टिकचा कागद, कडेने विटा. एक दिवस तसाच. सोडा तेलाला सैल करतो. मग कागद काढायचा आणि लेप वाळू द्यायचा. वाळताना ओल खालून वर चढते आणि तेलाला सोबत घेऊन येते, टीपकागद शाई ओढतो तशी. वाळलेला लेप खरवडला तर खडूची पूड चक्क मळकट तपकिरी झालेली! अण्णांनी ती हातात घेऊन चष्म्याखालून बघितली. एवढ्या वर्षांची स्कूटर त्या चिमटीत होती. लेप लागोपाठ तीनदा लावला. काळ्याचा राखाडी झाला, राखाडीचा फिका राखाडी. पूर्ण गेला का? नाही. माहीत असेल तर दिसतो, नसेल तर नाही. इंटरनेटवर 'आफ्टर'चे फोटो टाकणारे लोक नेमका हाच भाग सांगत नाहीत.

कूलरचे तांबडे चौकोन मात्र मस्त गेले. गंजाला लागतं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. पांढरे खडे मिळतात, ते पाण्यात विरघळवायचे, डागावर लावायचं, थोडा वेळ थांबायचं, घासून भरपूर पाण्याने धुवायचं. गंजातल्या लोखंडाला ते धरून पाण्यात घेऊन जातं आणि संडासच्या अ‍ॅसिडसारखं कोबा खात सुटत नाही. पण विषारी आहे. हातमोजे हवेत, लहान मुलं आणि मांजर लांब हवीत. लिंबूही चालतं हलक्या गंजाला, फक्त लिंबू हेही अ‍ॅसिडच आहे हे विसरून तासन्‌तास ठेवायचं नाही.

पांढऱ्या नक्षीला आधी कोरडा ब्रश. कोब्यातला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचं जमतं आणि पांढरा थर बसतो. त्यात बोअरच्या जड पाण्याचे क्षार मिसळतात. हाही डाग असा, की जिथे सौम्य अ‍ॅसिड बरोबर उत्तर आहे. पाणी घातलेलं व्हिनेगर. तेही कोबा आधी ओला करून, म्हणजे नळ्या पाण्याने भरलेल्या राहतात आणि व्हिनेगर आत उतरत नाही. हळदीला तर काहीच करू नका. साबण लावलात तर लाल होते, हे आईला रसायनशास्त्र न शिकता माहीत आहे. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो, आणि ऊन ही गोष्ट खान्देशात फुकट आणि मुबलक आहे.

राहिला हिरवा.

नळाचा कोपरा. तिथे आई भांडी विसळते, धुणं बडवते. नळाचा वॉशर गेलेला, पाणी दिवसभर ठिबकतं, उतार चुकलेला म्हणून ते तिथेच थबकतं, आणि कडुनिंबाची सावली. शेवाळाला आणखी काय हवं! बाकीच्या अंगणातलं शेवाळ पावसाळा सरला की वाळून जातं, या कोपऱ्यातलं दिवाळीतही ओलं होतं. या डागाबद्दल घरात कोणीच बोलत नव्हतं. पाहुण्यांना तो दिसणार नव्हता ना. फाटकापासून लांब, घराच्या कडेला.

दिवाळीत चकल्या करताना सोऱ्या आईने माझ्याकडे दिला. म्हणाली, "तू फिरव, माझ्या हातात जोर नाही." हातात जोर नाही म्हणजे? मग हळूहळू कळलं. ऑगस्टमध्ये ती त्या कोपऱ्यात घसरली होती. मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं, "थोडं लचकलंय." आणि कॅमेरा कायम चेहऱ्यावर. तुझी नोकरी, तुझी रजा, तुझं नवीन प्रोजेक्ट... कशाला उगाच टेन्शन द्यायचं?

तुमच्या आईनेही असंच काहीतरी 'लचकलंय' म्हणून सांगितलं असेल. विचारून बघा एकदा.

अण्णांना मी तेव्हा जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "तुम्हाला त्या काळ्या डागाची लाज वाटते, पण काळ्या डागावरून आजवर कोणी पडलेलं नाही!" ते काही बोलले नाहीत. मी पुढे म्हटलं की पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर नळाचं पाणी आलं, पाऊस आला, तर आई काय करणार? खरखरीत, न घसरणाऱ्या टाइल्सही मिळतात, पण त्या अंदाजपत्रकात नव्हत्या. त्या दिसायला साध्या असतात.

दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तर अण्णा पँट दुमडून नळाच्या कोपऱ्यात उभे, हातात काथ्याचा कडक ब्रश.

हिरव्यासाठी आम्ही मुद्दाम शेवटची सकाळ ठेवली होती. त्याला लागते ब्लीचिंग पावडर, आणि ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही अ‍ॅसिड कधीही एकत्र आणायचं नाही. क्लोरिन वायू सुटतो, तो फुफ्फुसांना जाळतो. बंद बाथरूममध्ये तर जीवावर बेतू शकतं. म्हणून गंजाचा दिवस वेगळा, शेवाळाचा वेगळा, मध्ये भरपूर पाणी. (तुमच्या फ्लॅटमधल्या बाथरूमलाही हेच लागू, बरं का!) आधी जाड थर खरवडून काढला. मग बादलीभर पाण्यात मूठभर पावडर, झाडूने पसरवली, पंधरा मिनिटं थांबलो, घासलं, धुतलं. पाणी तुळशीकडे जाऊ नये म्हणून मध्ये ओल्या पोत्याचा बांध. तासाभरात कोपऱ्याचा मूळ राखाडी रंग दिसला. आई म्हणाली, "हा असा होता होय?"

पण घासून शेवाळ मरतं, ओल मरत नाही. म्हणून त्याच दुपारी वॉशर बदलला. मग मिस्त्रींना बोलावलं. ते आले टाइल्सचं माप घ्यायला आणि अण्णांनी त्यांना नळाचा कोपरा दाखवला. "एवढाच फोडा. उतार नीट करा, पाणी गटारीकडे गेलं पाहिजे." मिस्त्री जरा हिरमुसले, साहजिकच आहे. पण माणूस कामाचा. नवा कोबा त्यांनी घोटला नाही. ओला असताना वरून झाडू फिरवला, म्हणजे बारीक रेघा उठतात आणि पाय धरतो. आठवडाभर त्यावर पाणी मारायची ड्युटी अण्णांकडे. नव्या कोब्याला पाणी मारलं नाही तर तो कच्चा राहतो आणि मग डाग पिण्यात जुन्यालाही मागे टाकतो. सगळं मिळून खर्च आला 4 हजारांच्या आत.

साखरपुड्याच्या दिवशी पुण्याहून दोन गाड्या आल्या. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने ती नेमकी त्या डागावर उभी केली आणि संध्याकाळपर्यंत हलवली नाही. अण्णा दिवसभर गाडीकडे बघत होते. डाग दिसत नव्हता म्हणून खूश, की गाडीतून ऑइल ठिबकेल म्हणून काळजीत, ते काही कळलं नाही. सासूबाई हात धुवायला नळाच्या कोपऱ्यात गेल्या. आई मागोमाग गेली, चपला न घालता. हळदीकुंकवात कुणाच्या तरी धक्क्याने हळदीची वाटी पायरीवर उलटली. आक्का साबण आणायला धावल्या, आईने त्यांना तिथेच थांबवलं.

पायरीवरचा पिवळा मार्चपर्यंत गेला, असं आई फोनवर सांगते. नळाच्या कोपऱ्याचं मात्र मी तिच्या शब्दावर ठेवत नाही. पावसाळा आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी कॅमेरा खाली करायला लावते आणि तो कोपरा स्वतः बघते.